विश्लेषण : मीठ, प्लेग आणि शाळा… वेळणेश्वरशी नाते असलेल्या गोखल्यांनी आकडे कशासाठी जमवले?

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरला सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. काही जण समुद्रासाठी येतात, काही जण कुलदैवताच्या दर्शनाला. दर्शनाला येणाऱ्यांत गोखले आडनावाची कुटुंबे हमखास असतात. या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख दोन गोष्टींत आटोपते : नेमस्त नेते आणि महात्मा गांधी यांचे राजकीय गुरू. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांच्या कामाचा मोठा भाग त्यात येतच नाही.

शहरे वेगाने वाढत असताना पाणी, शाळा, दवाखाना, घर या गोष्टी कोणाला मिळतात आणि कोण बाहेर राहते, हे शोधण्यासाठी आज विद्यापीठे, महापालिका, सामाजिक संस्था आणि वस्तीतील रहिवासी एकत्र येऊन संशोधन करतात. माहिती एकाने गोळा करायची, दुसऱ्याने पडताळायची, तिसऱ्याने ती सत्तेसमोर मांडायची, अशी ही कामाची वाटणी. पुण्यात या पद्धतीची मुळे शोधू लागलो की वाट गोखले यांच्यापाशी पोहोचते. या पद्धतीने त्यांना नाव मिळवून दिले आणि एकदा भर बाजारात मान खाली घालायलाही लावली.

वेळणेश्वरशी गोखले यांचे नाते काय?

गोखले घराण्याचे मूळ गाव वेळणेश्वर मानले जाते आणि वेळणेश्वर हेच त्यांचे कुलदैवत. गोपाळरावांचे कुटुंब पुढे चिपळूण तालुक्यातील ताम्हणमळ्यात स्थायिक झाले. गोपाळरावांचा जन्म मात्र ९ मे १८६६ रोजी कोतळूक येथे झाला. कोतळूक हे गुहागर तालुक्यातीलच गाव आणि त्यांचे आजोळ. त्यांच्या आई सत्यभामाबाई तिथल्या ओक घराण्यातील होत्या.

कोकणातील शेतीवर घर चालणे त्या काळीही कठीणच होते. वडील कृष्णराव घाट चढून कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला गेले. आधी कारकून, मग फौजदार. गोपाळरावांचे बालपण कागल आणि कोल्हापुरात गेले. म्हणजे आज वेळणेश्वर-हेदवीची मुले बारावीनंतर ज्या कारणाने एसटी पकडतात, त्याच कारणाने हे कुटुंबही बाहेर पडले होते.

१८७९ मध्ये वडील वारले. गोपाळ तेव्हा १३ वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत. निम्म्याहून अधिक पगार शिक्षणावर जाणारे घर म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. दिव्याचे तेल वाचवण्यासाठी तो रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास करीत असे, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, सार्वजनिक सोयीचा उपयोग घरात तेल नसलेल्याला सर्वांत जास्त होतो, एवढे त्यातून कळते.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, थोडा काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असे करीत १८८४ मध्ये गोखले बी. ए. झाले. वय १८. पुढच्याच वर्षी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. नंतर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसन कॉलेजात गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवू लागले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक बरीच वर्षे शाळांमध्ये चालले. राजकारणात येण्याआधी हा माणूस गणिताचे पुस्तक लिहीत होता, हे लक्षात ठेवले तर पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

रानडे यांच्याकडे ते नेमके काय शिकले?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तेव्हा पुण्यात होते आणि त्यांच्याभोवती पुणे सार्वजनिक सभेचे काम चालत असे. १८७० मध्ये स्थापन झालेली ही सभा आज निवेदने देणारी संस्था म्हणून आठवली जाते. पण तिचे खरे बळ माहिती गोळा करण्यात होते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सभेने तालुक्या-तालुक्यांतून आपल्या माणसांकडून खबर मागवली : पाऊस किती, पीक किती, धान्याचा भाव काय, सरकारी कामांवर मजुरी किती, माणसे गाव सोडून चालली आहेत का. ती माहिती संकलित करून सरकारकडे पाठवली गेली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. त्यातील बराचसा मजकूर स्वतः रानडे लिहीत.

गोखले विशीत असतानाच या यंत्रणेत शिरले. पुढे ते सभेचे चिटणीस झाले आणि त्रैमासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले. सरकारी अहवाल वाचायचे, त्यातील तक्ते उलगडायचे, एका वर्षाची रक्कम दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहायची आणि मग मसुदा लिहायचा. रानडे तो तपासत आणि बहुतेक वेळा पुन्हा लिहायला लावत. इतकी मेहनत घेऊन पाठवलेल्या निवेदनांना सरकार जेमतेम पोच देते, अशी तक्रार गोखल्यांनी एकदा केली होती. त्यावर रानडे यांचे म्हणणे असे होते की निवेदनांवर नाव सरकारचे असले तरी ती लोकांसाठी आहेत, आपल्या प्रश्नाचा नीट विचार कसा करायचा हे लोकांना त्यातून कळावे. जवळपास १४ वर्षे, म्हणजे १९०१ मध्ये रानडे यांचे निधन होईपर्यंत, हा अभ्यासवर्ग चालला.

दरम्यान पुण्यातले राजकारण तापले होते. सार्वजनिक सभा टिळक गटाच्या ताब्यात गेल्यावर १८९६ मध्ये रानडे आणि गोखले यांनी डेक्कन सभा काढली. टिळक आणि गोखले यांच्यातील वादावर मराठीत इतके लिहिले गेले आहे की इथे पुन्हा त्यात शिरण्याचे कारण नाही. खासगी आयुष्यातही विसंगती होतीच. सुधारक म्हणवणाऱ्या गोखल्यांनी पहिली पत्नी हयात असताना १८८७ मध्ये दुसरा विवाह केला आणि विरोधकांनी त्यावरून त्यांना वर्षानुवर्षे टोमणे मारले.

१८९७ मध्ये माफी मागण्याची वेळ का आली?

भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले १८९७ च्या वसंतात लंडनला गेले. वय अवघे ३०. एप्रिलमध्ये झालेली त्यांची साक्ष आणि उलटतपासणी गाजली. लष्कर, प्रशासन आणि कर्जावर किती जाते आणि शिक्षणावर किती, याची मांडणी त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी केली होती. तिथे थांबले असते तर तो दौरा निर्विवाद यशाचा ठरला असता.

पण पुण्यात प्लेग पसरला होता. साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये लागू झाला. डब्ल्यू. सी. रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरोघरी तपासणीसाठी गोरे सैनिक उतरवले. देवघरापर्यंत शिरणे, सामान बाहेर फेकणे, संशयितांना सक्तीने छावणीत नेणे, याच्या तक्रारी रोज येत होत्या. आरोग्य ही सेवा होती खरी, पण ती ज्यांच्यासाठी होती त्यांना विचारून राबवली जात नव्हती. गोखल्यांना पुण्यातील मित्रांची पत्रे लंडनमध्ये मिळत होती. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला मुलाखत दिली आणि सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोपही त्यात केला.

ब्रिटिश संसदेत खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ फेटाळला. त्याच सुमारास, २२ जूनच्या रात्री, रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. वातावरण असे की कोणी तोंड उघडायला तयार नव्हते. जुलै अखेरीस गोखले मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा पोलीस त्यांच्याकडे एकच गोष्ट मागत होते : पत्रे लिहिणाऱ्यांची नावे.

गोखल्यांनी नावे दिली नाहीत. ज्यांनी लिहिले होते त्यांना भेटून पुरावा मिळतो का, हे त्यांनी पाहिले. कोणीही उघडपणे पुढे यायला तयार नव्हते. मग ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी जाहीर पत्र काढून आरोप पूर्णपणे मागे घेतला. गव्हर्नरची, प्लेग समितीची आणि सैनिकांचीही माफी मागितली. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना खोटारडे म्हटले आणि स्वकीयांनी भित्रे.

हा प्रसंग चरित्रांत बहुधा कमकुवतपणा म्हणून येतो, किंवा प्रामाणिकपणाचा नमुना म्हणून. त्याकडे तिसऱ्या बाजूनेही पाहता येते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत प्रस्तुत बातमीदाराला एक गोष्ट घोकून घ्यावी लागली होती. रीडिंग एकदा घेऊन चालत नाही आणि दुसऱ्याने घेतलेले रीडिंग आपल्या जर्नलमध्ये उतरवले तर चूकही आपलीच होते. गोखल्यांकडून तेच झाले. दुष्काळाच्या वेळी सार्वजनिक सभेने अनेक ठिकाणची माहिती एकमेकांशी ताडून पाहिली होती. लंडनमध्ये तसे करायला ना वेळ होता ना माणसे. मात्र चूक उघड झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. निष्कर्षाची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि माहिती देणाऱ्यांना वाऱ्यावर सोडले नाही.

यात एक गोष्ट विसरता येत नाही. साक्षीदार न मिळणे आणि घटना न घडणे हे एक नव्हे. अत्याचार झालेली स्त्री किंवा तिचे घर १८९७ च्या पुण्यात नाव सांगून पुढे येईल, अशी अपेक्षाच अवास्तव होती. माफीनाम्याने आरोप मिटला, पण त्या तपासणीत नेमके काय घडले याची स्वतंत्र, लोकांना विश्वास वाटेल अशी चौकशी झालीच नाही.

पुढच्या हंगामात प्लेग परतला तेव्हा गोखले स्वयंसेवक म्हणून कामाला उतरले. वस्त्यांत फिरणे, रुग्णांच्या घरच्यांची समजूत काढणे, छावण्यांतील सोयी पाहणे. आता माहिती पत्रातून येत नव्हती.

सोलापूरच्या हेडमास्तरांचा यात काय वाटा?

गोखले १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले आणि १९०२ मध्ये कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात बसले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तिथे अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक दिसते याचा अर्थ देश सुखी आहे असा नाही, गरजेपेक्षा जास्त कर वसूल झाल्यानेही शिल्लक दिसू शकते, हा त्या भाषणाचा गाभा. पुढची दहा वर्षे त्यांच्या अर्थसंकल्पीय भाषणाची वाट सरकारी अधिकारीही पाहत.

ही भाषणे एकट्याची नव्हती. गणेश वेंकटेश जोशी हे सोलापूरच्या सरकारी शाळेचे हेडमास्तर होते. आर्थिक आकडेवारीवरची त्यांची हुकमत अशी की वेल्बी आयोगाच्या साक्षीपासून अर्थसंकल्पाच्या भाषणांपर्यंत गोखले त्यांच्याकडून टिपणे मागवत. अर्थसंकल्पाचे कागद हाती आले की कलकत्ता आणि सोलापूर यांच्यात टपाल सुरू होई. जोशी सरकारी नोकरीत होते, त्यामुळे उघडपणे राजकारणात येणे त्यांना शक्य नव्हते. आज शोधनिबंधावर पाच-सहा नावे असतात. त्या काळी एकच नाव छापले जाई आणि हेडमास्तर सोलापुरातच राहत. जोशी यांचे निधन १९११ मध्ये झाले. गोखल्यांचे पुतळे बरेच आहेत, जोशी यांचे नाव मात्र फारसे कोणाला माहीत नाही.

या कामातून हाताला काय लागले याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे मीठ. मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. गरीब आणि श्रीमंत दोघांनाही मीठ जवळपास सारखेच लागते, त्यामुळे या कराचा भार गरिबावर जास्त पडतो, हे गोखले दरवर्षी खपाचे आकडे देऊन सांगत राहिले. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला. म्हणजे आधी लोक पैशांअभावी मीठही बेताने वापरत होते.

पुण्याच्या नगराध्यक्षपदी त्यांनी काय केले?

कलकत्त्यात गाजत असतानाच, १९०२ ते १९०६ या काळात, गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. छावणीसह तेव्हाचे पुणे सुमारे दीड लाख वस्तीचे. प्लेगने लोकसंख्या घटली होती, लोक शहर सोडून जात आणि साथ ओसरली की परत येत. अशा शहरात झाडलोट, गटारे, पाणी आणि दिवाबत्ती चालवणे हे दिल्ली-कलकत्त्याच्या भाषणांहून वेगळे काम होते.

त्यांनी दोन पद्धती पाडल्या. नगरपालिकेच्या सभेत सदस्यांना प्रशासनाला प्रश्न विचारता येऊ लागले. कामकाजाचा वृत्तान्त नियमित छापून प्रसिद्ध होऊ लागला. ऐकायला किरकोळ वाटते. पण नगरपालिकेचे वार्तांकन केलेल्या कोणत्याही बातमीदाराला विचारा, कागद मिळणे आणि न मिळणे यात किती फरक असतो. कोणत्या गल्लीत काम झाले आणि कोणत्या नाही, हे छापील कागदावर आले की पुढच्या सभेत प्रश्न विचारता येतो.

अर्थात ही नगरपालिका सर्वांची नव्हती. मतदानाचा हक्क कर भरणाऱ्या, मालमत्ता असलेल्या थोड्या पुरुषांपुरता होता. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे याच नगरपालिकेचे सदस्य होते. गव्हर्नर जनरल लिटन यांच्या स्वागतावर खर्च करण्याऐवजी तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, अशी भूमिका त्यांनी तिथे घेतली होती. पुण्यात कोणाच्या पैशाने कोणाची सोय होते हा प्रश्न गोखल्यांच्या आधी विचारला गेला होता आणि अधिक रोखठोकपणे.

१९०८ मध्ये विकेंद्रीकरण आयोगापुढे साक्ष देताना गोखल्यांनी ग्रामपंचायती उभ्या करा, नगरपालिकांत लोकांनी निवडलेले सदस्य वाढवा आणि जिल्ह्याच्या कारभारात लोकांच्या प्रतिनिधींचा सल्ला घ्या, अशा सूचना केल्या. त्यामागे नगराध्यक्षपदाचा अनुभव होता.

सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक का पडले?

हा गोखले यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा पराभव. मार्च १९१० मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने ठराव मांडला. शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहूनही कमी होते. अमेरिका, युरोपातील देश आणि जपान यांची तुलनात्मक आकडेवारी त्यांनी सभागृहासमोर ठेवली. भारतातलेच उदाहरणही हाताशी होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ पासून तो संस्थानभर लागू केला होता. सरकारच्या आश्वासनावर ठराव मागे घेतला गेला. वर्षभराने, १६ मार्च १९११ रोजी, गोखल्यांनी थेट विधेयकच आणले.

विधेयकाची रचना एखाद्या सावध अभियंत्याने करावी तशी होती. सगळीकडे एकदम सक्ती नाही. ज्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा बोर्डाच्या हद्दीत शाळकरी वयाची ठरावीक टक्के मुले आधीच शाळेत जात असतील, तिथे त्या संस्थेने सरकारची परवानगी घेऊन सक्ती लागू करायची. ३३ टक्के हे प्रमाण चर्चेत होते. वयोगट ६ ते १० वर्षे. महिना १० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकाला फी नाही. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने उचलायचा, एक तृतीयांश स्थानिक संस्थेने, त्यासाठी हवा तर शिक्षण उपकर लावायचा.

विधेयक देशभर मतासाठी फिरवले गेले. प्रांतिक सरकारांनी पैसा, इमारती आणि शिक्षक नसल्याचे कारण दिले. मोठ्या जमीनदारांपैकी काहींना मजुरांची मुले शाळेत बसलेली नको होती. महंमद अली जिना आणि मदन मोहन मालवीय यांच्यासारखे सदस्य गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. बाजूने १३, विरोधात ३८. सरकारी सदस्यांचे पारडे जड असलेल्या सभागृहात दुसरे काही होण्याची शक्यता नव्हती आणि ते गोखल्यांनाही माहीत होते.

आज वाचताना या विधेयकातील एक अडचण डोळ्यांत भरते. जिथे एक तृतीयांश मुले आधीच शाळेत जातात तिथे सक्ती आधी, म्हणजे पुणे-मुंबईसारखी शहरे आधी. कोतळूक किंवा वेळणेश्वरचा नंबर कधी लागणार? सक्तीची सुरुवातही मुलांपासून, मुलींचा विचार नंतर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा १८४८ मध्येच काढली होती. १८८२ मध्ये फुले यांनी हंटर आयोगाकडे केलेली मागणी तर अशी होती की शेतकऱ्यांकडून गोळा होणारा पैसा त्यांच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा. त्या तुलनेत गोखल्यांचे विधेयक मवाळ होते. सरकारला नाकारायला कारण उरू नये म्हणून त्यांनी ते मवाळ ठेवले आणि सरकारने तरीही नाकारले.

सहा वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई प्रांतात आणलेल्या कायद्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, गोखल्यांच्या ठरावानंतर बरोबर १०० वर्षांनी.

भारत सेवक समाज आणि गोखले इन्स्टिट्यूट यांचा संबंध काय?

१२ जून १९०५ रोजी पुण्यात फर्ग्युसनच्या टेकडीजवळ गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. पहिल्या तुकडीत नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे तिघे होते. सदस्याने जेमतेम निर्वाहापुरत्या वेतनावर आयुष्यभर काम करायचे आणि आधी पाच वर्षे उमेदवारी : वाचन, अभ्यास, मग देशभर प्रवास. रानडे यांनी एका शिष्यासाठी जे केले, ते गोखल्यांनी संस्थेच्या रूपात बांधले. देवधर पुढे रमाबाई रानडे यांच्यासह पुणे सेवासदनात आणि सहकारी चळवळीत राबले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये चालवली. ठक्करबाप्पा आदिवासी भागात गेले.

मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले. तिथे त्यांनी गांधीजींसोबत भारतीय मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. लोकसेवा आयोगाच्या कामाने उरलीसुरली ताकद संपवली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ४८.

भारत सेवक समाजाला रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून १९३० मध्ये गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पॉलिटिक्स अँड इकॉनॉमिक्स ही संस्था उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ तेव्हा २९ वर्षांचे होते आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. गाडगीळांनी सुरुवातच आपल्या आसपासच्या गोष्टींपासून केली. पुण्यात फळे कुठून येतात आणि कशी विकली जातात, मुंबई प्रांताच्या सहा जिल्ह्यांत मोटारबस कशा चालतात, असे ते अभ्यास. मग १९३६-३७ मध्ये त्यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. पाहणी करणारे घरोघरी गेले. कमावते किती, धंदा कोणता, कर्ज किती, किती माणसे किती खोल्यांत राहतात, मुले शाळेत जातात का, कुटुंब पुण्यात कुठून आले. ४० वर्षांपूर्वी याच घरांत सैनिक न विचारता शिरले होते.

पाहणीचा पहिला खंड १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन खंडांच्या मध्ये महायुद्ध आणि स्वातंत्र्य येऊन गेले आणि पुणे पार बदलले. म्हणून १९५४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. नी. वि. सोवनी, द. प्र. आपटे आणि र. गो. पेंडसे या तिघांच्या नावांनी ती १९५६ मध्ये छापली गेली. सोवनी यांनी त्याआधी कोल्हापूर शहराचाही असाच अभ्यास केला होता, आठ रुपयांवर शिकणारा गोपाळ जिथे वाढला त्या शहराचा. गाडगीळांच्या नावावर सोलापूर शहराचाही अभ्यास आहे, हेडमास्तर जोशी यांच्या गावाचा.

आज पुणे महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसारच ३१ लाखांवर आहे आणि त्यानंतर जनगणना झाल्याशिवायच शहर दीड दशक वाढत राहिले आहे. हद्दीत नव्याने आलेल्या गावांत किती घरांना नळ आणि किती घरांना टँकर, याचा हिशेब कोणाकडे किती ताजा आहे, हा प्रत्येक पालिका निवडणुकीत निघणारा विषय. वेळणेश्वर-कोतळूकहून पुण्यात गेलेली मुलेही याच नव्या वस्त्यांत खोल्या घेऊन राहतात.

गोखले इन्स्टिट्यूट बीएमसीसी रस्त्यावर भारत सेवक समाजाच्या आवारात आहे. समाजाबरोबर १९०५ मध्ये सुरू झालेले ग्रंथालय आता धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाते. पुणे पाहणीचे जुने खंड स्कॅन करून संस्थेच्या डिजिटल संग्रहात ठेवलेले आहेत आणि ते मोबाइलवरही उघडतात.